धार

वस्तरा या वस्तूविषयी मराठी भाषेने फारसा आदर बाळगलेला दिसत नाही. तलवारीला आपण भवानी म्हटले, कट्यारीवर नाटक लिहिले, दसऱ्याच्या दिवशी विळ्या-कोयत्यालाही झेंडूचे फूल वाहिले. वस्तऱ्याच्या वाट्याला आले ते केवळ वाक्प्रचार, आणि तेही कुचेष्टेचे. साहेबांच्या खोलीतून एखादा सहकारी उतरलेल्या चेहऱ्याने बाहेर आला, की त्याची बिनपाण्याने झाली असे आपण एकमेकांना नजरेनेच सांगतो. व्यर्थ उकराउकरीला न्हाव्याच्या उकिरड्याची उपमा देतो. शब्ददेखील आपण घरचा वापरला नाही. तो फारसी 'उस्तुरा'वरून आणला. घरचा जो 'क्षुर', तो सुरी होऊन स्वयंपाकघरात कांदे चिरीत बसला, आणि 'क्षौर' उरले ते पंचांगातील वर्ज्य दिवसांपुरते. कठोपनिषदात आत्मज्ञानाच्या वाटेला वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिली आहे, एवढाच काय तो या हत्याराचा मोठा सन्मान. ती उपमा देणाऱ्या ऋषीने कधीतरी स्वतः वस्तरा पाजवून पाहिला असला पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्या धारेवरून चालणे कठीण असेलच. पण ती मुळात आणणे हेही काही सोपे काम नव्हे.

गुजराती माणूस या बाबतीत अधिक उदार आहे. तो वस्तऱ्याला 'अस्त्रो' म्हणतो. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी, १८९२ साली बांधलेल्या एलिस पुलाजवळ, दर रविवारी गुजरी बाजार भरतो. बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना तो परका नाही. पहिल्या महिन्यात बादली, खुर्ची, मुलांची जुनी पुस्तके यांसाठी आपण तेथे जातो आणि पुढे काही घ्यायचे नसतानाही जात राहतो. तेथेच, कुलपे, नळाच्या तोट्या आणि बिनकाट्यांची घड्याळे यांच्या ढिगात हा वस्तरा पडला होता. मी तो उचलताच विक्रेता म्हणाला, "साहेब, विलायती अस्त्रो छे." अस्त्र हा शब्द ऐकून मी त्या काड्यापेटीएवढ्या रुंदीच्याही नसलेल्या पात्याकडे पाहिले. ते आपल्या मुठीतून निम्मेच उघडत होते, आणि उघडताना त्यातून विटकरी भुकटी माझ्या तळहातावर सांडली. दीडशे रुपयांत सौदा झाला. त्याच्या शेजारच्याने जाता जाता सल्लाही दिला, की यंत्राच्या चाकावर पाच मिनिटे धरून देतो, आरसा होईल. मी नको म्हटले. का नको म्हटले, ते पुढे येईल.

घरी आणून भिंगाखाली पाहिले तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की या वस्तऱ्याला गंज बाहेरून चढला नव्हता. तो मुठीने दिला होता. मूठ हस्तिदंती दिसत होती, पण हस्तिदंताची नव्हती. तीवरच्या पिवळसर रेघा अगदी सरळ आणि एकसारख्या होत्या, आणि निसर्ग इतका नीटनेटका नसतो. ते सेल्युलॉइड होते. कापूस आणि नायट्रिक आम्ल यांपासून बनलेल्या पदार्थात कापूर मिसळून अमेरिकेत हायट या गृहस्थाने १८७०च्या सुमारास हे द्रव्य प्रचारात आणले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंत परवडेना, म्हणून हा खटाटोप. हस्तिदंताची नक्कल करण्यात त्याचा हात धरणारे दुसरे काही नव्हते. परंतु म्हातारपणी हे द्रव्य विघटित होऊ लागते आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. मिटलेल्या वस्तऱ्याचे पाते त्या वाफांत वर्षानुवर्षे पडून राहते. ज्या म्यानाने धारेचे रक्षण करावयाचे, तेच तिला आतून खात असते, आणि बाहेरून मात्र मूठ चकचकीत दिसते. असे म्यान आपणांपैकी अनेकांनी माणसांच्या रूपातही पाहिले असेल. पण तो विषय निराळा.

पात्याच्या मानेवर शिक्का होता. त्यातील 'शेफिल्ड' आणि त्याखालचे 'इंग्लंड' ही अक्षरे शाबूत होती. वरची ओळ, म्हणजे कारागिराचे अथवा पेढीचे नाव, मुठीच्या आत राहत असल्यामुळे गंजाने साफ खाल्ली होती. तेथे अक्षरांच्या जागी नुसते खळगे. तरी 'इंग्लंड' या एका शब्दाने थोडा हातभार लावला. अमेरिकेने १८९० साली जकातीचा नवा कायदा केला आणि १८९१ पासून बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचे नाव असणे सक्तीचे झाले. तेव्हापासून शेफिल्डचे कारखानदार गावाच्या जोडीला देशाचे नावही ठोकू लागले. तेव्हा हा वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा. हे साल मनात टिपून ठेवले. त्याचे काम पुढे पडणार होते, हे मात्र तेव्हा ठाऊक नव्हते.

शेफिल्ड म्हटले की आपल्या मनात पोलाद येते. ते घडवण्याची त्यांची प्रसिद्ध रीत, म्हणजे बंद मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची, बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४०च्या सुमारास बसवली. घड्याळाच्या कमानीला मनासारखे पोलाद मिळेना, म्हणून त्याने हा ध्यास घेतला. गंमत अशी, की मुशीतील पोलाद हे आपल्याकडे फार जुने. निजामाबादजवळच्या कोनसमुद्रम या गावाचे पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात असत. १७९४ साली मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी अशा पोलादाचे नमुने लंडनला धाडले, पुढच्या वर्षी पिअर्सन या शास्त्रज्ञाने त्यांवर निबंध वाचला, आणि स्टोडार्ट या हत्यारे घडवणाऱ्याने ते पोलाद वापरून पाहून त्याची तारीफ केली. हाच स्टोडार्ट पुढे फॅरडेच्या जोडीने पोलादात चांदी आणि इतर धातू मिसळण्याचे प्रयोग करीत होता. तेव्हा विलायती अस्त्राच्या पूर्वजांत एखादा आपल्याकडचा निघाला, तर नवल मानण्याचे कारण नाही.

आता गंजाविषयी. गंज काढणे म्हणजे वरची घाण पुसणे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः गंज ही लोखंडावर बसलेली गोष्ट नव्हे; ते लोखंडच असते, रूप बदललेले. जेवढा गंज काढाल तेवढे पाते कमी होणार. म्हणून पहिला प्रश्न 'कसा काढावा' हा नसून 'किती काढावा' हा आहे. तांबडा गंज सैल असतो, ओल धरून ठेवतो आणि आत आत शिरतो; तो जायलाच हवा. पण त्याच्याखाली, विशेषतः खळग्यांच्या तळाशी, एक काळा थर असतो. तोही लोखंडाचाच ऑक्साइड, परंतु घट्ट आणि शांत. तो पुढे पसरत नाही. उलट खालच्या धातूला सांभाळतो. त्याला हात लावू नये. ज्याला पाते आरशासारखे करावयाचे असते, तो हा काळा थर घालवण्यासाठी खळग्यांच्या तळापर्यंत घासत जातो, आणि शेवटी त्याच्या हाती एक अतिशय चकचकीत, पातळ आणि निरुपयोगी पत्रा राहतो.

यंत्राच्या चाकाला नकार दिला तो आणखी एका कारणाने. पोलादाला पाणी दिलेले असते. ते साधारण दोनशे अंशांच्या वर तापले, की तो कठीणपणा उतरू लागतो. दोनशे तीसच्या आसपास त्यावर गवती रंग चढतो, तीनशेला निळा. धारेजवळ पाते कागदासारखे पातळ असल्यामुळे फिरत्या चाकावर ते क्षणात तापते. डोळ्यांना ते फार सुंदर दिसते आणि हनुवटीला काही उपयोगाचे राहत नाही. तेव्हा हातानेच घासायचे ठरवले. दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवले; मग सहाशे नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या चपट्या तुकड्याला गुंडाळून, पाते टेबलाच्या कडेला सपाट दाबून धरून, पाठीकडून धारेकडे आणि कधीही उलट नाही, असे घासू लागलो. पुढे हजार, मग दोन हजार. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास, असे एकोणीस दिवस. शिक्क्याच्या जागी कागद नेलाच नाही. तेथे कापसाच्या बोळ्याने नुसते तेल चोळले, आणि लाकडाच्या अणकुचीदार काडीने अक्षराअक्षरातील तांबूस कण उकरले. नाव वाचता येईल या आशेने तेथे घासावे, असा मोह रोज होत होता. परंतु नाव खळग्यांच्या तळाशी नव्हते. ते ज्या पृष्ठभागावर होते तो पृष्ठभागच उरला नव्हता. घासले असते तर 'शेफिल्ड'देखील गेले असते.

कागद ओला ठेवीत होतो, याचेही कारण आहे. कोरडी भुकटी छातीत जाते. हे ज्ञान शेफिल्डला फार महाग पडले. तेथे घडवलेले पाते दगडी चाकावर घासून पातळ करणारा कारागीर निराळा असे. चाकासमोर तो दिवसभर ओणवा बसे आणि दगडाची व पोलादाची धूळ श्वासाबरोबर घेई. एंगल्सने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील डॉक्टरांच्या आधाराने आकडे दिले आहेत. काटे घासणारे अठ्ठावीस ते बत्तीस या वयात मरत. वस्तरे घासणारे चाळीस ते पंचेचाळीस. एका डॉक्टरने तर असे नोंदवले आहे, की या कारागिरांत जे सर्वांत मोठे दारूडे, तेच सर्वांत अधिक जगतात. कारण ते कामावर सर्वांत कमी वेळा येतात. माझा वस्तरा त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने किंवा त्याहूनही पुढे घडलेला. तोवर कारखान्यांचे कायदे झाले होते, तरी धूळ काही नाहीशी झाली नव्हती. पात्याची ती नाजूक पोकळ बाजू, जी बोटाला एखाद्या शिंपल्यासारखी लागते, ती कोणाच्यातरी फुप्फुसांच्या मोबदल्यात आलेली आहे. त्याचे नाव मात्र शिक्क्यावर कधीच नव्हते. जे गंजले, ते मालकाचे.

मूठ नवी करणे भाग होते. तिच्यावर वेळ गेला, पण सांगण्यासारखे फार नाही. मोडक्या पेटीच्या शिसवी फळीतून दोन पट्ट्या कापल्या, घासल्या, जवसाचे तेल पाजले आणि दीड मिलिमीटरच्या पितळी तारेचे खिळे करून, लहान हातोडीने टोके हलकेच पसरवून त्या जोडल्या. पाते मिटताना धार दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये बसावी, लाकडाला शिवू नये, एवढे साधले की झाले.

खरे काम यापुढचे. मराठीत हत्यार 'पाजवतात'. व्युत्पत्ती काय असेल ती असो. निसण्याच्या ओल्या दगडावर पाते पुढे-मागे नेताना, तान्ह्याला पाजावे तितक्याच संथपणाने ते करावे लागते, एवढे खरे. वस्तऱ्याच्या रचनेत एक शहाणपण आहे, ज्याचे मला अजून कौतुक वाटते. सुरीला धार लावताना ती दगडावर किती तिरपी धरावी, हे हाताने ठरवावे लागते. वस्तरा सपाट ठेवायचा. त्याची जाड पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि पाठीची जाडी व पात्याची रुंदी यांवरून कोन आपोआप ठरतो. तो साधारण सतरा अंशांचा असतो. वर्षानुवर्षे पाजवताना धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून कोन फारसा बिघडत नाही. पाते लहान होते, पण वृत्ती बदलत नाही.

धारेच्या कडेपर्यंत काही खळगे पोचले होते. ते जाईपर्यंत कड मागे न्यावी लागली; अर्धा मिलिमीटर पोलाद दगडावर काळ्या पाण्याच्या रूपाने वाहून गेले. मग निरोगी धातू लागला. धार आली की नाही हे ओळखण्याची एक रीत अशी: दिव्याखाली पात्याची कड आपल्या डोळ्यांसमोर धरून वरून पाहायचे. जेथे प्रकाशाचा बारीकसा ठिपका चमकतो, तेथे धार बोथट आहे. खऱ्या धारेला प्रकाश परतवण्याइतकीही रुंदी नसते. धार दिसेनाशी झाली, की ती लागली. मला ते ठिपके एकेक करून विझवायला पाच रात्री लागल्या. घरच्यांनी विचारले, "दाढी तर होतेच आहे तुमची, मग आणखी किती घासणार?" प्रश्न रास्त होता. दाढी मी गेली पन्नास वर्षे पत्तीनेच करीत आलो आहे. जिलेटने १९०३ साली आपले नवे यंत्र विकायला काढले, तेव्हा पहिल्या वर्षात ५१ यंत्रे आणि १६८ पत्त्या खपल्या. पुढे काय झाले हे प्रत्येकाच्या न्हाणीघरात दिसतेच. आता तर केशकर्तनालयातही वस्तऱ्यात अर्धी पत्ती बसवतात, आणि आजारांच्या भयाने ते योग्यही आहे. तरी मी त्या ठिपक्यांच्या मागे का लागलो होतो, याचे उत्तर मला चौथ्या रात्री सापडले. ते वस्तऱ्यात नव्हते. आमच्या वाईच्या वाड्याच्या मागील दारी होते.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि तेराव्या वर्षी ती माहेरी परत आली, ती कायमची. मी तिला पाहिले ते लाल आलवणातच. महिन्यातून दोनदा, मुलांनी मागे यायचे नाही अशा वेळी, परसात पाट मांडला जाई आणि गावचा म्हातारा न्हावी बगलेत धोकटी घेऊन मागच्या दाराने येई. मी सहा-सात वर्षांचा असेन. गोठ्याच्या कुडाआडून पाहत होतो. मला भीती वाटली नाही, की दयाही आली नाही. त्या वयात घरात जे घडते ते सर्व ऊन-पावसासारखेच वाटते. तिचे पाठमोरे खांदे आठवतात. त्याने पाणी लावले, आणि वस्तरा उघडल्याचा आवाज झाला, तेव्हा ती मान न वळवता म्हणाली, "अरे, धार नीट लावली आहेस ना आज? गेल्या खेपेस फार ओढलं."

"व्हय आक्का," तो म्हणाला. "पाजवूनच आनलाय."

१९६८ साली ती गेली. तिच्याविषयी घरात ज्या गोष्टी सांगतात, त्या तिच्या सोशिकपणाच्या, तिच्या हातच्या मेतकुटाच्या आणि तिला पाठ असलेल्या पोथ्यांच्या. हे वाक्य कोणी सांगत नाही, कारण ते बहुधा माझ्याखेरीज कोणी ऐकलेच नाही. उभ्या आयुष्यात, स्वतःच्या डोक्याविषयी, तिने कोणापाशी काही मागितल्याचे मला एवढेच ठाऊक आहे. वस्तरा नको, असे म्हणण्याची सोय तिला नव्हती. तो ओढू नये, एवढे ती म्हणू शकत होती.

त्या रात्री मनात टिपलेले साल आठवले. १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली होती, आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार त्यांनी केला होता. पुढाकार नारायण मेघाजी लोखंडे यांचा. गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली तीही त्याच वर्षी आणि त्यांच्याच खटपटीने. गुजरी बाजारात रमतगमत वस्तरे पाहणाऱ्या माझ्यासारख्याने याची आठवण ठेवायला हरकत नाही. वपनाच्या रूढीवर शास्त्र्यांचे वाद झाले, लेख झाले, व्याख्याने झाली. परंतु ज्यांच्या हातात प्रत्यक्ष हत्यार होते, त्यांनी ते खाली ठेवू म्हणून सांगितले, ही गोष्ट मला त्या सगळ्या वादांहून मोठी वाटते. त्यांचे त्यात उत्पन्न बुडत होते. माझा वस्तरा बहुधा त्यानंतरचा. म्हणजे शेफिल्डमध्ये कोणी ओणवा बसून तो घासत होता, त्याच्या आधीच मुंबईत हा निर्धार होऊन गेला होता. आणि तो निर्धार वाईच्या परसापर्यंत पोचायला सत्तर वर्षे पुरली नव्हती. आमच्या त्या म्हाताऱ्या न्हाव्याला मी दोष देत नाही. त्याचे वर्षाचे धान्य बलुत्यावर होते, आणि बलुतेदाराने वाड्याला नाही म्हणायचे म्हणजे काय, हे वाड्यात वाढलेल्या मला चांगले माहीत आहे. त्याने धार लावून आणली होती.

हा माझा वस्तरा कोठे कोठे फिरला असेल, ते कळण्याला मार्ग नाही. एखाद्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हनुवटीवरून, एखाद्या बटूच्या मुंजीतून, घाटावर बसलेल्या एखाद्या पोराच्या डोक्यावरून, की अशाच एखाद्या मागील दारातून. खळग्यांतला काळा थर मी ठेवला आहे, त्यात यांपैकी काय असेल नसेल ते असो.

पाचव्या रात्री शेवटचा ठिपका विझला. सकाळी कमरेचा जुना चामडी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून त्यावर वस्तरा साठ वेळा फिरवला. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना नेहमी पाठीवरूनच. साबण भरपूर लावला. कातडी ताणून धरली आणि कानाखालून पाते खाली आणले. कोरड्या पानावर पावसाचा पहिला थेंब पडावा तसा एक बारीक आवाज झाला. काही जाणवले नाही. आरशात पाहिले तेव्हा साबणातून एक स्वच्छ पट्टी निघाली होती. ओढले मुळीच नाही.

आता आठवड्यातून एकदा, रविवारी, मी तो वापरतो. नंतर धुऊन, कोरडा करून, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरतो. पावसाळ्यात तो मिटून पेटीत ठेवीत नाही, उघडाच ठेवतो. शिक्क्याच्या वरच्या ओळीत, जेथे नाव होते, तेथल्या खळग्यांत तेल थोडे अधिक साचते. तेथे कापूस दोनदा फिरवावा लागतो.